भुताची थकबाकी

मराठी भयकथेने गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपला मुक्काम गावाहून शहरात हलविला आहे. पडका वाडा, घाटातले वळण, गावकुसाबाहेरचा पिंपळ या तिच्या जुन्या जागा. आज ती टोलेजंग इमारतीतल्या एखाद्या सदनिकेत राहते, शेवटच्या लोकलच्या रिकाम्या डब्यात भेटते, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात वावरते. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० पासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात, तशीच एस. टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाळ्यावरही तिची पुस्तके आढळतात. चित्रपटांनी आणि मोबाइलवर ऐकायच्या गोष्टींनी तिचा संसार आणखी वाढविला आहे.

एवढा वाचक असलेल्या या वाङ्मयप्रकाराकडे पाहण्याची पुरोगामी वर्तुळांची रीत मात्र ठरून गेलेली आहे. अंधश्रद्धेला खतपाणी, वास्तवापासून पलायन आणि बाजारू करमणूक असे तीन शिक्के मारायचे व पुढल्या विषयाकडे वळायचे. हे शिक्के सर्वस्वी खोटे नाहीत, पण आळशी आहेत. भूत आहे की नाही हा येथे मुळी प्रश्नच नाही. ते नाही, हे सांगून झाले आहे आणि ते निर्विवाद आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. महानगराच्या कथेत भूत म्हणून जे उभे केले जाते, ते कोणाचे? त्याला भिणारा माणूस कोण? आणि त्या दोघांमध्ये असा कोणता व्यवहार अपुरा राहिला आहे, की मेलेल्याला परत यावे लागते?

हा प्रश्न विचारला की भयकथा ही केवळ करमणूक राहत नाही. ती शहराच्या मालकीहक्काविषयीची, बहुधा लेखकाच्याही नकळत दिलेली, एक साक्ष ठरते. पण ही साक्ष अर्धवट आहे. तक्रार आहे ती या अर्धवटपणाविषयी.

गावच्या भुताला चरित्र होते

लोकपरंपरेतली भुते आठवून पाहावीत. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. अळवंत म्हणजे बाळंतपणात प्राण गेलेली स्त्री. ब्रह्मसमंध म्हणजे पुरून ठेवलेल्या धनात जीव अडकलेला ब्राह्मण. कारण या समाजात मेल्यावरही जात सुटत नाही, भुताखेतांतही उतरंड असते. ही यादी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचली, तर ती त्याला मृत्यूच्या कारणांच्या नोंदवहीसारखी वाटेल. ज्या समाजात मुले लहानपणी मरत होती, बायका बाळंतखाटेवर मरत होत्या, त्या समाजाने आपल्या अकाली मृत्यूंची नोंद भुतांच्या नावांनी ठेवली. नोंद अज्ञानाच्या भाषेत होती, उपाय चुकीचे होते, आणि त्या अज्ञानापायी डाकीण ठरवून निरपराध स्त्रियांचा छळ झाला, हे विसरता येणार नाही. परंतु एक गोष्ट त्या नोंदीत पक्की होती. भूत कशामुळे झाले, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

लोकांच्या भाषेत भुताची काही तरी वासना राहिलेली असते. वासना राहणे म्हणजे येणे राहणे. गोदावरीच्या काठी दशक्रियेला बसलेल्या माणसांकडे पाहावे. पिंडाला कावळा शिवला नाही की सगळे अस्वस्थ होतात. मेलेल्याची कोणती इच्छा राहिली याचा विचार सुरू होतो. मग कोणी तरी पुढे होऊन मोठ्याने वचन देतो, की मुलीचे लग्न करून देऊ, धाकट्याला सांभाळू, अमक्याचे कर्ज फेडू. कावळा वचन ऐकतो असे मानायचे कारण नाही. पण जिवंत माणसे ते ऐकतात आणि चार लोकांच्या साक्षीने दिलेला तो शब्द मोडणे सोपे नसते. या विधीच्या मुळाशी एक विचार आहे. मेलेल्याचे देणे चुकते केल्याशिवाय जिवंतांना स्वस्थता नाही.

गावचे भूत असे धनको होते. त्याचे नाव, गाव, मरणाचे कारण आणि राहिलेली बाकी सर्वांना माहीत असे. शहरातल्या भयकथेने त्याच्याकडून जे पहिले काढून घेतले, ते हे चरित्र.

कुलाब्याची गिरणी

मुंबईत झपाटलेल्या म्हणून ज्या जागा सांगितल्या जातात, त्यांत कुलाब्याच्या मुकेश मिलचे नाव फार वरचे आहे. अगदी समुद्राच्या काठाला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली ही कापडगिरणी १९८२ साली आगीनंतर बंद पडली. पुढे कित्येक वर्षे तिच्या पडक्या भिंतींत चित्रपटांचे चित्रीकरण होत राहिले. त्यांत भयपट पुष्कळ. अंधार पडल्यावर तेथे थांबायला कलावंत धजावत नाहीत, कोणाच्या तरी अंगात कसलासा आवाज शिरला, अशा वदंता पसरल्या. आज ती गिरणी ओळखली जाते ती या वदंतांमुळे.

१९८२ हे साल मात्र या गोष्टींत केवळ आगीचे साल म्हणून येते. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. पगारवाढ आणि बोनस यांबरोबरच एका विशिष्ट संघटनेलाच मान्यता बहाल करणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, अशीही त्यांची मागणी होती. वर्षाहून अधिक काळ घरात चूल पेटण्याची भ्रांत असतानाही हे लोक हटले नाहीत. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. मृत्यूचा दाखला न मिळालेल्या माणसासारखा तो अजूनही कोठे तरी नोंदला जायचा राहिला आहे. डॉ. सामंतांचा १६ जानेवारी १९९७ रोजी खून झाला.

गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातली चूल पेटे, साचेखात्यात आणि त्रासनखात्यात ज्यांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या खपल्या, ज्यांनी सुताचे कण छातीत साठवून खोकत खोकत पेन्शनीचे वय गाठले वा गाठलेही नाही, ती माणसे कोठे गेली? कोणी कोकणात, कोणी घाटावर परतले; कोणी रखवालदार झाले, कोणी भाजीची गाडी लावली; कित्येकांची मुले भलत्या धंद्याला लागली. इतकी जिवंत माणसे एका शहरातून नाहीशी झाली. भयकथेने मात्र त्या रिकाम्या आवारात पाहिले ते पांढऱ्या कपड्यातले एक निनावी पिशाच. ते कामगाराचे आहे की मालकाचे, आगीत गेले की उपासमारीत, हे विचारण्याची तिला गरजच वाटत नाही. गिरणी 'झपाटलेली' आहे, एवढे म्हटले की ती कोणी रिकामी केली, हा प्रश्न संपतो. झपाटणे या क्रियापदाला कर्ता लागत नाही, हीच त्याची सोय!

जमिनीचा जप

कर्ता शोधायचा तर जमिनीच्या कागदांत शोधावा लागतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना साधारण एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहबांधणीसाठी आणि उरलेला मालकासाठी अशी वाटणी सांगितली होती. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते, ती वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. मांत्रिकाच्या मंत्राला असे सामर्थ्य आजवर कोणी पाहिलेले नाही.

कामगारांना घरे मिळतील, असे वचन सरकारांनी दिले. त्यासाठी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले. प्रत्यक्षात घर मिळाले ते त्यांपैकी अगदी थोड्यांना. सोडतीची वाट पाहत कित्येक अर्जदार वारले आणि अर्जावर वारसांची नावे चढली. मग शहराबाहेर, शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली. ज्यांनी परळ आणि लालबाग उभे केले त्यांना कर्जतच्या वाटेवर पाठविण्याचा हा बेत. २०२५ च्या जुलैत हे म्हातारे आझाद मैदानावर पुन्हा जमले. त्यांना पाहून कोणाला भीती वाटली नाही. जिवंत असेपर्यंत भीती वाटत नाही, हेच तर त्यांचे दुर्दैव आहे.

कापड विणणे मात्र थांबले नव्हते. संपाच्या आधीपासूनच ते यंत्रमागांकडे सरकू लागले होते; संपकाळात आणि नंतर तो ओघ वाढला. भिवंडी, इचलकरंजी आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव येथे पत्र्याच्या छपरांखाली माग वाढत गेले. एकच कारखाना कागदावर घरातल्या चार नावांनी तोडला, की कारखाना कायद्याच्या कामगारसंख्येची अट लागू होत नाही. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मागवाला मालकही बहुधा सूत उधार देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुठीत. मुंबईच्या गिरणीचा आत्मा कोठे भटकतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कुलाब्याला रात्री जाण्याचे धाडस करू नये. त्याने मालेगावच्या गल्लीत भर दुपारी उभे राहावे. तेथे खडखडाट ऐकू येतो, पण त्यासाठी भुताची गरज पडत नाही.

भितो कोण?

आता दुसरा प्रश्न. शहरी भयकथेत भितो कोण? बहुतेक कथांचा साचा ओळखीचा आहे. एक तरुण जोडपे नवी जागा घेते. दलाल काही तरी दडवतो, सोसायटीचा चिटणीस नजर चुकवतो, म्हातारा रखवालदार अर्धवट बोलून गप्प होतो. मग रात्री पाण्याचा नळ आपोआप सुरू होतो. भिणारा तो नवा मालक. भिवविणारा तो आधीचा रहिवासी, किंवा इमारत बांधताना परांचीवरून पडून मेलेला मजूर, किंवा जिन्याखाली राहणारी मोलकरीण. म्हणजे ही सर्वांची आदिम भीती मुळीच नव्हे. जागा घेणाऱ्याला जागा गमावणाऱ्याची वाटणारी ती भीती आहे. विकत घेतलेल्या जमिनीवर आणखी कोणाचा हक्क निघेल काय, ही धास्ती मध्यमवर्गाला दिवसा वकिलाकडे नेते आणि रात्री भयकथेकडे.

महानगराच्या भयकथेची युरोपातली वंशावळही हेच सांगते. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ होतो तो जमीनव्यवहाराने. एक तरुण कायदेपंडित लंडनजवळच्या मालमत्तेच्या खरेदीचे कागद घेऊन दूरच्या सरदाराच्या गढीवर जातो. रक्तशोषक पिशाच लंडनमध्ये शिरते ते रीतसर खरेदीखत करून! त्याच्या तीस वर्षे आधी, १८६७ मध्ये, लंडनमध्येच राहणाऱ्या कार्ल मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथात भांडवलाला अशाच पिशाचाची उपमा दिली होती. भांडवल म्हणजे साठविलेले मृत श्रम आणि ते जगते जिवंत श्रम शोषून, हा त्याचा आशय. कादंबरीकाराने पिशाचाला सरदार केले. अर्थशास्त्रज्ञाने त्याला कारखान्याच्या हिशेबवहीत शोधले. दोघांपैकी अधिक भयप्रद कोण, हे वाचकानेच ठरवावे.

आणि भयकथेचा शेवट? तेथे मांत्रिक येतो किंवा एखादा सिद्धपुरुष धावून येतो. मराठीत हा साचा रूढ करण्यात नारायण धारपांचा वाटा मोठा. त्यांच्या अनेक कथांत समर्थ नावाचा पुरुष अमानुष शक्तींशी झुंजतो आणि माणसांना सोडवितो. धारपांची लेखणी समर्थ होती यात वाद नाही. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून 'लुचाई' मराठीत आणताना त्यांनी ती येथल्या मातीत ज्या सहजतेने रुजविली, ती सोपी गोष्ट नव्हे. त्यांचे अमंगल हे निखळ अमंगल आहे. त्याच्याशी तडजोड नाही, ही त्या कथांची नैतिक बाजू. परंतु पुढच्या अनुकरणकारांनी हाच साचा शहरातल्या सदनिकेत आणला, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. तेथले भूत अमंगल नसते, ते बेघर असते. त्याला बाटलीत बंद करून हाकलणे म्हणजे दुसऱ्यांदा केलेली बेदखली होय. पहिल्या वेळी पोलीस आले होते, दुसऱ्या वेळी मांत्रिक.

अपवाद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. राम गोपाल वर्मांच्या 'भूत' या २००३ च्या हिंदी चित्रपटात जोडप्याने घेतलेल्या उंचावरच्या घरात आधी राहणारी स्त्री तेथून पडून मेलेली असते. पतीला ते ठाऊक असते, पण तो पत्नीला सांगत नाही. पुढे त्या मृत स्त्रीची हकिगत उलगडते आणि गुन्हेगार समोर येतो. त्या भुताला चरित्र आहे, बाकी आहे, आणि ती बाकी वसूल होते. म्हणूनच तो चित्रपट आपल्या जातीच्या गर्दीत उठून दिसतो.

खऱ्या भयाची दोन ठिकाणे

शहरात भीतीला विषय नाहीत असे थोडेच आहे? २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पुढे बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, तेथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागली आणि १४ जण मेले. दोन्ही जागा जुन्या गिरणगावातल्या. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले, हजारो नवे नोकरदार रोज त्याच स्थानकांवर उतरू लागले, पण पूल राहिला तो जुनाच. जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटाला भाव होता. पुलाच्या रुंदीला नव्हता. भयकथेला लागणारे सारे येथे आहे: नेहमीची सकाळ, पावसाची सर, अरुंद जिना, मागून येणारा लोंढा. नाही ते फक्त भूत. आणि भूत नाही म्हणून ही भयकथा नाही, असे मराठी लेखकाने समजावे काय?

असे न समजणारा एक लेखक नाशिकने दिला. बाबुराव बागूल १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावात जन्मले, बालपणीच मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात गेले आणि २००८ साली नाशकातच वारले. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीवर परक्या शहरात गेलेला एक दलित तरुण जात लपवून खोली भाड्याने घेतो. पुढे प्रत्येक हाक, प्रत्येक प्रश्न, पाण्याचा प्रत्येक पेला यांत भय भरून राहते. आता कळेल, आता कळेल, असे म्हणत वाचक पान उलटतो. शेवटी कळते, आणि मार पडतो. परक्या शहरातली भाड्याची खोली हा भयकथेचा सर्वांत लाडका प्रसंग. बागुलांनी तो घेतला आणि त्यातला भिणारा बदलला. येथे घरमालकाला भूत भिववीत नाही. भाडेकरूला घरमालक भिववितो. १९६९ चा त्यांचा दुसरा संग्रह मुंबईच्या झोपडपट्टीचा. त्याचे 'मरण स्वस्त होत आहे' हे नावच एखाद्या अर्थशास्त्रीय सिद्धांतासारखे आहे. समीक्षकांनी हे लेखन दलित साहित्याच्या कप्प्यात ठेवले, ते योग्यच. पण भयकथेच्या इतिहासातही त्याला पहिल्या रांगेत जागा द्यायला हवी होती. ती न देण्यात, भिण्याचा अधिकारसुद्धा विशिष्ट वर्गाचाच आहे, हे गृहीत धरले गेले.

आक्षेपांना उत्तर

यावर एक आक्षेप हमखास येईल. साहित्याकडून असा हिशेब मागितला, तर कथेचे पत्रक होईल. प्रत्येक भुताच्या हातात लाल निशाण द्यायचे काय? आक्षेपात तथ्य आहे. घोषणांनी भरलेली सामाजिक कथा ही पुष्कळदा कोणत्याही भुतापेक्षा निष्प्राण असते. परंतु येथे बाहेरून काही लादायचे नाही. भयकथा ही स्वभावतः चौकशी आहे. 'या जागेत पूर्वी काय घडले?' हा तिचा मूळ प्रश्न, आणि तोच वाचकाला शेवटपर्यंत खेचून नेतो. शहरी भयकथा हा प्रश्न विचारते आणि उत्तराच्या उंबरठ्यावरून परत फिरते. तिने आपलाच प्रश्न तडीस न्यावा, एवढेच म्हणणे आहे. परांचीवरून मजूर पडला असेल, तर खाली जाळी का नव्हती? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे बांधकामखर्चावरचा जो उपकर कल्याणनिधीत जायचा, त्यातले त्याच्या बायकोच्या हाती काय पडले? हे विचारल्याने कथा निबंध होत नाही. उलट भीती दाट होते, कारण मग ती पुस्तक मिटल्यावर संपत नाही.

दोन्ही गोष्टी एका हाताने होऊ शकतात, हे रत्नाकर मतकरींनी दाखविले आहे. त्यांनी आपल्या कथांना 'गूढकथा' म्हटले. १९७८ पर्यंत बँकेत नोकरी करणाऱ्या या लेखकाने शहरी मध्यमवर्गाच्या मनातला अंधार ओळखीच्या दिवाणखान्यात आणून दाखविला. त्याच मतकरींनी 'लोककथा ७८' हे नाटक दलितांवरील अत्याचारांवर लिहिले, नर्मदा बचाव आंदोलनाच्या पाठीशी ते उभे राहिले. मे २०२० मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. भयाचा कारागीर आणि अन्यायाचा साक्षीदार यांत त्यांना विसंगती दिसली नाही. गिरणगावातूनच आलेल्या जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात संपानंतरच्या घराची वाताहत मांडली. त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, तेव्हा बंद गिरणीचे उत्तरचरित्र हा श्रेष्ठ वाङ्मयाचा विषय आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. वाट आहे, ती चालणारे थोडे आहेत.

दुसरा आक्षेप पुरोगामी गोटातून येईल: भुताची भाषा वापरलीच का? भूत नाही म्हणून सांगावे आणि मोकळे व्हावे. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा पुस्तकात आला, तेथे विवेकाच्या बाजूला रतिभरही ढळता येणार नाही. भोंदूगिरीला कथेत उदात्त करणारा लेखक त्या रक्ताचा अपमान करतो. तथापि 'भूत नाही' हे उत्तर खरे असूनही पुरे नाही. बंद गिरणीच्या भिंतीजवळून जाताना ज्याला धस्स होते, त्याला काही तरी जाणवलेले असते. येथे माणसे होती आणि आता नाहीत, हे ते जाणवणे. त्याची चूक एवढीच की कारण त्याला भलतीकडे दाखविले गेले. त्याला हसून वाटेला लावणारा विवेकवादी आणि त्याला गंडा बांधणारा भोंदू, दोघेही त्याचा प्रश्न ऐकून घेत नाहीत. समाजवाद्यांनी लोकांच्या भाकरीचा हिशेब केला, तसा त्यांच्या भीतीचा केला नाही. ती जागा रिकामी राहिली आणि तिच्यात भगत, बुवा व भयपट निर्माते शिरले. हा दोष स्वतःच्या पदरी घेतल्याखेरीज इतरांना बोल लावण्याचा अधिकार पोचत नाही.

नाशिकची पहिली कथा

हा सगळा विचार मुंबईपुरता राहणार नाही. नाशिक महानगर होण्याच्या वाटेवर आहे. द्राक्षांचे मळे होते तेथे बारा मजल्यांच्या इमारती उठत आहेत. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत काही कारखाने चालतात, काहींच्या फाटकांना कुलपे आहेत. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा येथून आलेले आदिवासी मजूर रोज सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे राहतात. काही वर्षांनी कोणी तरी या शहराची भयकथा लिहील. तिच्यात एखादी नवी सदनिका असेल, रात्री वाजणारी घंटा असेल, जिन्यात उभी राहिलेली सावली असेल.

ती सावली कोणाची, हे लेखकाने आजच ठरवावे. जमीन विकून, पैसा उडवून त्याच इमारतीचा रखवालदार झालेल्या शेतकऱ्याची? टाळेबंदीनंतर देणे न मिळालेल्या कंत्राटी कामगाराची? परांचीवरच्या सुरगाण्याच्या पोराची? की पुन्हा पांढऱ्या कपड्यातल्या, नाव नसलेल्या, गाव नसलेल्या, कोणाकडे काहीही येणे नसलेल्या कोणा 'शक्ती'ची? पहिल्या तिघांपैकी कोणाचीही निवडली, तर वाचक भिईल आणि भिऊन विचार करील. चौथी निवडली, तर तो दिवा लावून झोपेल आणि सकाळी घराचा हप्ता भरायला जाईल.

गोदाकाठी रोज पिंड ठेवले जातात आणि कावळ्याची वाट पाहिली जाते. गिरणगावाच्या पिंडाला १९८२ पासून कावळा शिवलेला नाही. वचने पुष्कळ दिली गेली. पाळली गेली ती थोडी. मांत्रिकाने हे भूत जाणार नाही आणि भूत नाही असे सांगूनही ते जाणार नाही. दीड लाख अर्ज अजून दफ्तरात आहेत. त्यांचे देणे चुकते करावे. मग गिरण्यांच्या आवारांत रात्री शांतता नांदते की नाही, ते पाहता येईल.